टेस्ट संपेपर्यंत

६ मे, शनिवार

काळा पडदा! पंखे फिरतायत, आतले दिवे लागलेत आणि स्क्रीनवर काही नाही. सकाळपासून एकेक पार्ट जोडत बसलो, शेवटी बटण दाबलं, तर काळं.

धवलला फोन लावला. मुलुंड पश्चिमेला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान, सगळं सामान त्याच्याकडूनच आणलंय. तो म्हणाला, हात लावू नका, बंद तर अजिबात करू नका. नवीन रॅम पहिल्यांदा बोर्डाशी जुळवून घेते, तिला वेळ लागतो. चहा पिऊन या.

चहा केला. प्यायलो. परत आलो तर स्क्रीन आलेली.

मग बघितलं तर रॅम चाललीय अठ्ठेचाळीसशेच्या वेगावर. पाकिटावर सहा हजार छापलंय. पुन्हा धवल. तो म्हणे, ती आपण सांगितल्याशिवाय पळत नाही, न सांगता जपून चालते. सेटिंगमध्ये जाऊन सांगावं लागतं.

सई दारात येऊन उभी राहिली. या खोलीत ती आत येत नाही, चौकटीशीच थांबते. "झाला चालू?" म्हणाली. झाला म्हटलं. बरं म्हणाली आणि गेली.

माझं काम न बांधलेल्या इमारतींची चित्रं काढायचं. बिल्डर नकाशा पाठवतो, मी त्यात सोफा मांडतो, खिडकीतून ऊन सोडतो, बाल्कनीत हसणारी माणसं उभी करतो. जुन्या मशीनवर एक चित्र निघेपर्यंत जेवण होऊन झोपही व्हायची. म्हणून हा नवा.

७ मे, रविवार

सहा हजारावर आणली. एका टिचकीचं काम. रॅममध्ये लिहून परत वाचून बघणारी टेस्ट लावली, चूक शून्य.

आनंद व्हायला हवा होता. म्हणजे पूर्वी झाला असता.

८ मे, सोमवार

ऑफिसला ठाण्याला जावं लागलं. दिवस गेला.

९ मे, मंगळवार

सहा हजार तर कोणीही करेल. आता टायमिंग. रॅमकडे काही मागितलं की ती किती ठोके थांबून देते, ते हे आकडे. जितके लहान तितकी चपळ. पहिला आकडा तीस आहे, अठ्ठावीस करून बघितला. काळा पडदा. अर्ध्या तासाने कळलं की या वेळी नुसता चहा पिऊन भागणार नाही. बोर्डावरचा बटण-सेल काढला, थोडा वेळ थांबलो, परत बसवला. सेटिंग पुसली गेली, सगळं पहिल्यापासून.

सई जेवायला बोलवायला आली तेव्हा मी जमिनीवर टॉर्च तोंडात धरून बसलेलो. विचारलं तिने, याने किती फरक पडेल. चार टक्के, फार तर पाच. कोणाला कळणार आहे का? नाही. मग? मग काही नाही, म्हटलं. ती हसेल असं वाटलं होतं. नाही हसली. आमटी गार होतेय म्हणाली.

पण खरंच मग काय? मला आवडतं असंही नाही. एवढंच, की इथे एक आकडा बदलला की उत्तर येतं. चाललं किंवा नाही चाललं. मध्ये कोणी विचारत नाही की तुला काय वाटतं.

एक नियम पाळायचा – एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मग टेस्ट. आणि टेस्ट संपेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघडलं, तर कशाने बिघडलं ते कधीच कळत नाही.

११ मे, गुरुवार

सई बोरिवलीला गेली. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दोन आठवडे तरी कोणी हवं. सईच्या शाळेला सुट्टी आहे. केतन, तिचा भाऊ, बंगळूरला. म्हणजे सईच.

बॅग भरताना म्हणाली, "मेसेज आला तर तुझ्या मोबाईलवर येईल. बघत जा जरा." बघतो म्हटलं. "बघतो नाही. बघ." रिक्षात बसेपर्यंत तेवढंच बोलली.

मेसेज म्हणजे दत्तकाचा. चार वर्षांपूर्वी पोर्टलवर नाव घातलंय आमचं. फॉर्म भरताना सई म्हणाली होती, नंबर तुझा दे, माझा नको, दर मेसेजला मला तोच वाटेल. म्हणून नंबर माझा, मेल माझा. चार वर्षं काही आलं नाही. यादी मोठी असते.

दत्तक संस्थेच्या बाई घर बघायला आल्या होत्या तेव्हाची गोष्ट आठवते. मृणालिनीताई. फार गोड बाई, पोहे मागून घेतले. बाळ कुठे झोपेल विचारलं. सईने ही छोटी खोली दाखवली. भिंती आधीपासून पिवळ्या होत्याच. मग ताई माझ्याकडे वळल्या, आणि तुम्हाला काय वाटतं? मी म्हणालो, मला चालेल. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. त्या गेल्यावर सई ओट्यापाशी म्हणाली, "चालेल? दुधी आहे का तो?"

नंतर तो विषय आमच्यात झाला नाही. खोली रिकामी होती, मग माझं टेबल आलं. आता तर हा नवा डबा पण इथेच आलाय.

१२ मे, शुक्रवार

व्होल्टेज किंचित वाढवलं. अठ्ठावीसवर चालू झाली! टेस्ट पास.

वरण-भात, लोणचं.

१३ मे, शनिवार

सकाळी पास, दुपारी नापास. तेच सेटिंग, तीच टेस्ट.

डोकं धरून बसलो तेव्हा लक्षात आलं – उकाडा. काल त्या टेस्टनंतर रिफ्रेशचं अंतरही वाढवलंय. रॅममध्ये ठेवलेलं सारखं गळत असतं, म्हणून ती मध्येमध्ये सगळं काम थांबवून पुन्हा भरून घेते. दोन भरण्यांतलं अंतर वाढवलं की तेवढा वेग मिळतो. पण रॅम तापली की गळती वाढते आणि भरायच्या आत एखादा कण हरवतो. सकाळी खोली बरी असते. दुपारी पश्चिमेचं ऊन थेट भिंतीवर. एसी दुसऱ्या खोलीत.

फक्त एक चूक आली. इतक्या कोटी जागांत एक. सईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, एकच ना? मग चालतं की. मी म्हटलं नाही चालत, एक चूक कुठल्या फाईलमध्ये जाऊन बसेल आणि कधी वर येईल सांगता येत नाही. मग म्हणाली आईला व्यायाम करवायचाय, ठेवते.

१४ मे, रविवार

बोरिवलीला जाऊन आलो. मुलुंडहून बसने जाणं म्हणजे घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये बसून राहणं.

सासूबाई वॉकर घेऊन पॅसेजमध्ये चालतात. मी बरोबर चाललो. त्या म्हणाल्या, "जावईबापू, आमची सई हल्ली बोलत नाही हो. नुसती फोनमध्ये बघत असते सकाळी उठून. तुम्ही तरी बोला तिच्याशी." बोलतो म्हटलं. पॅसेजच्या टोकाला पोचल्यावर त्यांना वळवून आणलं. त्यांना माझं बोलणं पटलं नसावं, पण पाय दुखत होता.

सई खाली बस स्टॉपपर्यंत आली. विचारलं, त्या खोलीत एवढं काय करत असतोस. रॅम ट्यून करतोय. आणि ती झाली की? झाली की झाली. मग थोडं चालून म्हणाली, "देवू, टेबल हलवावं लागलं तर हलवशील ना?" हलवीन म्हटलं. त्यात काय. चार माणसांचं काम नाही ते. तिने माझ्याकडे बघितलं, बस आली.

बसमध्ये विचार करत होतो की मला काय म्हणायला हवं होतं. वाक्य तयार करता आलं नाही.

१५ मे, सोमवार

धवलकडून छोटा पंखा आणला, रॅमच्या थेट वर लावायचा. धवल म्हणाला, देवव्रतभाई, लोक गेम खेळायला मशीन घेतात, तुम्ही टेस्ट खेळायला घेतली. दुकानातली दोन पोरं हसली. मी पण हसलो. हसायला येतं मला, ते बंद नाही झालेलं.

पंख्याने सात अंश उतरले.

१६ मे, मंगळवार

दुपारीही पास. शून्य.

१७ मे, बुधवार

आता शेवटची. मोठी टेस्ट. पेन ड्राइव्हवरून चालते, तिच्या वेळी मशीनवर दुसरं काहीच करता येत नाही. धवल म्हणतो चार तास पुरे. मला दोन दिवस हवेत. दोन दुपारी मधून गेल्या पाहिजेत. एक दुपार नशिबाने निघते.

ऑफिसचं काम जुन्या मशीनवर करीन. उद्या सकाळी लावतो.

सईचा फोन. टाके काढले, आई बरी आहे, पुढच्या रविवारपर्यंत येते. कुकरची शिट्टी लागत नाही म्हणून मी सांगितलं, ती म्हणाली रिंग उलटी बसवली असशील. उलटीच होती.

१८ मे, गुरुवार

टेस्ट लावली. निळा स्क्रीन, टक्के मोजणारी पट्टी, खाली लिहिलेलं – चुका: शून्य.

मेसेज आला.

भेंडी चिरत होतो. बँकेचा असेल म्हणून हात न धुता बघितला. आपल्यासाठी एका बालिकेची माहिती पाठवत आहोत. फोटो व वैद्यकीय अहवाल खालील लिंकवर. दोन दिवसांत निवड कळवावी, अन्यथा ही माहिती बंद होईल व आपलं नाव यादीत मागे जाईल. असं काहीतरी. बालिका हा शब्द होता हे नक्की.

भेंडी चिरून पूर्ण केली. फोडणीला टाकली. मग परत वाचला. लिंक उघडली नाही.

मनात आलं ते तसंच लिहितो – टेस्ट चालू आहे. टेस्ट संपेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. टेस्ट कॉम्प्युटरवर आहे आणि मेसेज फोनवर, मला कळतं. तरी तेच मनात आलं, आणि बरं वाटलं. दोन दिवस आहेत. दोन दिवस टेस्ट आहे. टेस्ट संपली की बघू.

सईचा फोन आला संध्याकाळी. नेहमीपेक्षा लवकर. आवाज वेगळा वाटला, धाप लागल्यासारखा. जिने चढून आली असेल. विचारलं तिने, "आज काही विशेष?"

मी म्हटलं, "नाही. टेस्ट लावलीय. भेंडी केली."

मग म्हणाली, बरं. भेंडी कशी झाली?

१९ मे, शुक्रवार

चुका: शून्य.

सकाळी सई. काही विशेष? नाही. दुपारी परत फोन – दुपारी ती कधी करत नाही. आईची गोळी कुठली ते तुझ्याकडे फोटो आहे का विचारलं. पाठवला. मग नुसतीच फोनवर राहिली. तिकडे पंख्याचा आवाज येत होता. "अजून काही?" म्हणाली. माझं तोंड उघडलं होतं. "काही नाही" आलं बाहेर.

लिंक का उघडत नाही ते लिहून टाकतो. इथे कोण वाचणार आहे.

सहा वर्षांपूर्वी आमची मुलगी आठव्या महिन्यात पोटातच गेली. सईला भूल दिलेली. नर्सने दुपट्यात गुंडाळून बाहेर आणली आणि माझ्या हातात दिली. माझी आई शेजारी होती. आई म्हणाली, सईला दाखवू नकोस, बाळंतिणीने बघू नये, तिच्या डोळ्यांसमोरून जाणार नाही मग. फोटो काढू नका. नाव ठेवू नका. आईच्या आवाजात खात्री होती आणि माझ्याकडे कसलीच नव्हती. मी हो म्हटलं. लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. केतन आणि मी गेलो. सई शुद्धीवर आली तेव्हा माझे हात धुऊन झाले होते.

सईने तिला बघितलंच नाही. मी एकट्याने बघितलं. केस दाट होते. नखं होती, पूर्ण. सईने आजवर विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, आणि त्या दिवसापासून मला कशाचं काही होत नाही. लोक म्हणतात तू फार सावरलास. मी सावरलो नाही, मी बंद पडलो. आईचं ऐकलं ते चुकलं. आईने वाईट मनाने सांगितलं नव्हतं, तरीही चुकलं.

आता परत तेच. एक मुलगी, आणि तिचा चेहरा पहिल्यांदा मी एकट्याने बघायचा, सई लांब. आणि मग सांगायचं. किंवा नाही सांगायचं. मला जमत नाही ते. साधं सईला फोन करून म्हणता येईल की मेसेज आलाय, तू उघड. पण मग ती विचारेल, तुला काय वाटतं? आणि मी म्हणेन, चालेल.

ऐंशी टक्के झाली टेस्ट. भेंडी संपवली.

२० मे, शनिवार

सकाळी उठल्या उठल्या आधी खोलीत. चुका: शून्य. पट्टी जवळजवळ भरलेली. खुर्ची ओढून समोर बसलो. दात पण घासले नव्हते.

बराच वेळ आकड्याकडे बघत होतो. आणि मग माझं मलाच लक्षात आलं – मी चूक यायची वाट बघतोय. एक तरी यावी. एक आली की टेस्ट नापास, थांबवावी लागेल, आणि मग हात मोकळे. पंधरा दिवस जी येऊ नये म्हणून पंखे लावले, दार उघडं ठेवलं, ती यावी म्हणून बसलोय! दर मिनिटाला शून्य बघून माझा हिरमोड होत होता. याचा अर्थ मला ती लिंक उघडायची होती. मला हवी होती ती. चालणार नव्हती, हवी होती. इतकं साधं होतं आणि मला रॅमने सांगावं लागलं.

पेन ड्राइव्ह उपटला. बटण दाबून धरलं, मशीन बंद. टेस्ट गेली. जाऊ दे.

फोन घेतला. अजून वेळ होता, गुरुवारी सकाळी उशिरा आला होता मेसेज, मी तीनदा बघून घेतलं. लिंक उघडली.

ही माहिती आता उपलब्ध नाही.

परत उघडली. बंद करून उघडली. जुन्या मशीनवरून उघडली. तेच एक वाक्य. मेल आधी सुटला असेल आणि दोन दिवस तिथून मोजत असतील. किंवा दुसऱ्या कोणीतरी तिला हो म्हटलं असेल. शनिवार, कार्यालय बंद, कोणी फोन उचलत नाही.

गेली. मी एकदा बघितलंही नाही तिला.

खोलीत जमिनीवर बसलो आणि रडलो. लिहायलाच हवं, कारण सहा वर्षांत पहिल्यांदा. आवाज येत होता, बाजूच्या घरात ऐकू गेला असेल. त्या मुलीसाठी रडलो, आणि मग आमच्या पहिलीसाठी, आणि मग सई त्या दिवशी शुद्धीवर आल्यावर माझ्या हातांकडे बघत होती त्यासाठी. पोट दुखेपर्यंत. कोणी सांगत नाही की हे असं सगळं एकदम येतं.

उद्या बोरिवली. फोनवर सांगायचं नाही हे. समोर बसून सांगायचं, तिला जे बोलायचं ते बोलू दे. तिने सोडून जायचं म्हटलं तरी ऐकायचं.

मशीन चालू केलं नाही.

२१ मे, रविवार

स्वयंपाकघरात सांगितलं. गुरुवारी मेसेज आला, मी दोन दिवस लपवून ठेवला, काल उघडला तेव्हा बंद झाला होता, ती गेली. सईने गॅस बंद केला. म्हणाली, "गेली नाही. मी गुरुवारीच हो म्हटलंय."

पोर्टलचा माझा पासवर्ड तिला माहीत आहे. चार वर्षं रोज सकाळी उठल्यावर उघडून बघते. एकदा निवड केली की ती लिंक बंद होते. तिला वाटलं मी लगेच फोन करीन. मग वाटलं संध्याकाळी करीन.

"तुझा राग आलाय मला, खूप. तो नंतर. शनिवारी बघायला जायचंय, सही दोघांची लागते." मुलीचा फोटो तिने ठेवून घेतला होता, तो उघडून फोन पुढे केला. "बघ."

आम्ही दोघांनी मिळून बघितलं. तिचे डोळे उघडे आहेत.